आजाची पायली

मार्गशीर्षात दत्तारामचं कुत्रं बिबट्यानं नेलं, तेव्हा काशीगावात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. डोंगराच्या पायथ्याला घर म्हटलं की वर्षाकाठी एखादं कुत्रं जाणारच, असं धरूनच माणसं राहत आली होती. पण पौषात शेजारच्या चेणे गावाच्या अंगाला गवत कापायला गेलेली एक बाई परतली नाही. तिचा विळा आणि एक चप्पल तेवढी सापडली. मग मात्र गावाची झोप उडाली.

बबनचं घर सगळ्यांत टोकाला. मागे डोंगर, पुढे भाजीचा मळा, मळ्याच्या पलीकडे नव्या सोसायटीची भिंत. डाव्या अंगानं ओहोळ, आणि ओहोळाच्या काठानं माणूस बुडेल एवढं गवत. एका बाजूला सात मजल्यांच्या इमारतीचे दिवे लागायचे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर काळा होत जायचा. मधे हे कौलारू घर.

बबन सकाळी मळ्याला पाणी सोडायचा आणि दुपारी हायवेवरच्या लाद्यांच्या गोडाऊनला हमालीला जायचा. परतेपर्यंत अंधार पडलेला असायचा. हंसा पहाटे उठून पालक, मुळा, मेथी कापायची, जुड्या बांधायची आणि टेम्पोनं भाईंदर पूर्वेला नेऊन स्टेशनाबाहेर विकायची. सलोनी, त्यांची एकुलती मुलगी, सातवीत होती. शाळा दुपारची. सुटून यायला दिवेलागण व्हायची.

चेण्याची बातमी आली तसं हंसानं पहाटे मळ्यात उतरणं सोडलं. आदल्या दिवशी उजेडी, चार वाजताच ती भाजी कापून ठेवायला लागली. रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली तरी सकाळी पालक मान टाकायचा. नेहमीची गिऱ्हाइकं जुडी उचलून बघायची आणि परत ठेवायची.

"मावशी, कालची आहे ना ही?"

"न्हाय गो बाय, ताजीच हाय."

"ताजी असती तर कळलं नसतं का?" असं म्हणून बाई पुढच्या टोपलीकडे जायची. हंसा जुडीवर पाणी शिंपडत बसायची. खोटं बोलल्यानं कान गरम व्हायचे.

डोंगरातून आवाज यायचा. गावात बिबट्याला वाघच म्हणायचे. वाघ डरकाळी फोडतो, असं पुस्तकात असतं. हा तसा नव्हता. कुणी ओलं लाकूड करवतीनं कापतंय असा. खर्रक्‌, खर्रक्‌, खर्रक्‌. मग थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची.

एका रविवारी संध्याकाळी बबन सोसायटीच्या फाटकावर गेला. मागच्या भिंतीवरचा मोठा दिवा मळ्याकडे फिरवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. सेक्रेटरी जितेंद्रभाई खुर्ची टाकून बसले होते. ते उठले नाहीत.

"दिवा फिरवला तर आमच्या पार्किंगमध्ये अंधार होणार ना? आणि खरं सांगू, तुम्ही बकरी ठेवता म्हणून तो येतो. बकरी काढून टाका, सगळा प्रॉब्लेम खतम."

बबन मान हलवून परत आला. घरात शिरताना त्यानं पाय दोनदा झटकून पुसले.

"काय बोलले?" हंसानं विचारलं.

"बोलले, बगू."

*

माघ लागला तसं उन्हाळी भेंडीचं बी टाकायला काढलं. घरात बी ठेवायचं एक जुनं लाकडी भांडं होतं. मधलं लाकूड कोरून केलेलं, घागरीएवढं, एका तोंडाला कातडं ताणून बसवलेलं, दुसरं तोंड उघडं. त्यात राखेत घोळलेलं बी भरायचं आणि वरून फडकं बांधायचं. बबनच्या आजाच्या वेळचं म्हणून सगळे त्याला आजाची पायली म्हणायचे. पायलीला कातड्याचं बूड कशाला, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. मापाला ते कधी वापरलंच नव्हतं.

त्या वर्षी बियाला कीड दिसली, म्हणून हंसानं पायली पूर्ण रिकामी केली. रविवार होता. बबन वाफे बांधत होता, सलोनी ओट्यावर अभ्यास करत होती. हंसानं पायलीत ओला हात घालून बुडाशी चिकटलेली राख पुसायला घेतली. बोटांना दोरीसारखं काहीतरी लागलं. कातड्याच्या मधोमध भोक होतं आणि त्यातून आतल्या अंगाला एक तात लोंबत होती. आतड्याची, जाड, जुन्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी. इतकी वर्षं ती बियाखाली गुंडाळून पडली होती. राखेनं माखली होती, म्हणून हंसानं ती ओल्या चिमटीत धरून वरून खाली पुसली.

खर्रक्‌.

बकरी उभी होती तिथून उडाली. दावं तुटलं. ती भिंतीला धडकली, पडली, पुन्हा उठली आणि थेट घरात चुलीपाशी घुसली. सलोनीच्या हातातलं पेन खाली पडलं. बबन फावडं उगारून डोंगराकडे वळला होता.

हंसा पायली मांडीवर घेऊन तशीच बसली. 

"कुटं हाय? कुटं हाय?" बबन ओरडला.

"न्हाय... ह्याच्यात हाय," ती म्हणाली.

पुन्हा ओढून दाखवायला तिला धीर होईना. शेवटी बबननं पायली घेतली, हात ओला केला आणि तात ओढली. त्याच्या हातून नुसतं किर्र झालं. दोरखंड ओढल्यासारखी तो ओढत होता. मग हंसानं घेतली. चिमूट सैल धरून, सुरुवातीला हलकी आणि शेवटी दाबून. खर्रक्‌. खर्रक्‌. पायली पोटाला टेकवली होती, तिथं तिच्या आतड्यांपर्यंत तो आवाज गेला.

गावातली कुत्री भुंकायची एकदम बंद झाली.

बबनचं तोंड उजळलं. "आज्या डोंगराखालची शेतं राखायचा, बापूस सांगायचा मना. ह्यानं वाघ हाकलत असंल गो! बग, एका कुत्र्याच्या गल्लीत दुसरं कुत्रं शिरतं काय? यो आवाज आला का त्याला वाटंल, हितं दुसरा बसलाय. फिरकायचा न्हाय."

हंसाला ते पटलं. पटावं असंच तिला वाटत होतं.

*

त्या दिवसापासून दिवेलागणीला हंसा ओट्यावर पायली घेऊन बसायला लागली. शेजारी पाण्याचा तांब्या. सलोनी शाळेतून येण्याच्या वेळेला, वाट मोकळी व्हावी म्हणून, ती तात ओढायची. थोडं थांबायची, पुन्हा ओढायची. सलोनी सोसायटीच्या भिंतीकडून येऊन मळ्याच्या बांधावर पाऊल ठेवायची, बांधावरून चालत ओट्यापर्यंत यायची. ती आली की पायली आत जायची आणि दाराला अडसर लागायचा.

पहिले काही दिवस डोंगर गप्प होता. हंसा पुन्हा पहाटे मळ्यात उतरायला लागली. बबन कंदील आणि कोयता घेऊन शेजारी उभा राहायचा, तीही भीतीनं एका हातानं पदर घट्ट धरायची, पण भाजी ताजी जायची. स्टेशनाबाहेरच्या बायका परत तिच्या टोपलीशी थांबायला लागल्या. दत्ताराम येऊन पायली बघून गेला. "मना पन येक रात देव," म्हणाला. बबन म्हणाला, "आमच्या हिच्या हातालाच वाजते ती." त्याच्या बोलण्यात अभिमान होता.

मग एका सकाळी हंसाला मुळ्याच्या वाफ्यात एक जागा दिसली. ओली माती फावड्याच्या पाठीनं सारखी केलेली. तिथं सारखी करायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी तशीच जागा पालकाच्या वाफ्यात. घराच्या आणखी जवळ.

"हितं काय केलं तुमी?"

"काय न्हाय. घूस उकरते."

बबननं तिच्याकडे बघितलं नाही. त्या दुपारी गोडाऊनला जाताना मात्र तो दारातून परत फिरला. "आज जरा जास्त येळ वाजव," म्हणाला.

हंसानं जास्त वेळ वाजवली.

*

ते झालं गुरुवारी. सूर्य खाडीकडे उतरला होता, उजेड अजून होता. वीज गेलेली. सोसायटीच्या खिडक्या काळ्या होत्या. हंसा ओट्यावर बसून तात ओढत होती. नजर भिंतीच्या कोपऱ्यावर, जिथून सलोनी दिसायची.

ओहोळाचं गवत हललं. वारा नव्हता.

आधी डोकं बाहेर आलं. मग खांदे. मग तो सगळाच बांधावर चढला आणि उभा राहिला. हंसानं तो कधी बघितला नव्हता. तिला वाटलं होतं, मोठा असेल. तो वासराएवढाही नव्हता. बरगड्या दिसत होत्या. पोट आत गेलेलं. तो तिच्याकडेच बघत होता. रागानं नाही. कान पुढे करून, बोलावलेलं माणूस दारात येऊन उभं राहतं तसा.

हंसाचा हात थांबला.

त्याच वेळी भिंतीच्या कोपऱ्याशी सलोनी आली. पाठीला दप्तर, हातात पाण्याची बाटली. ती खाली बघत चालत होती. बांधावर चार पावलं आली आणि तिनं मान वर केली. मधे तो, पलीकडे आई.

सलोनी किंचाळली नाही.  हातातली बाटली सुटून बांधावर पडली आणि खडखडत खाली गेली.

बिबट्याचे कान फिरले. मग मान फिरली. तो सलोनीकडे बघायला लागला. शेपटीचं टोक हळूच हललं.

हंसानं काही ठरवलं नाही. ठरवायला वेळ नव्हता. हातात तात होती, ती तिनं ओढली.

खर्रक्‌.

मान परत तिच्याकडे वळली.

तिनं पुन्हा ओढली. त्यानं एक पाऊल तिच्याकडे टाकलं. ती थांबली, तो थांबला. तिनं ओढली, तो आला.

 इतके दिवस ती ओट्यावर बसून त्याला हाकलत नव्हती. बोलवत होती.

आणि तो पोरीकडे पाठ करून येत होता.

तिनं डोळे त्याच्यावरून काढले नाहीत. हनुवटीनं सलोनीला खूण केली, मागे, मागे जा. सलोनी दगडासारखी उभी. हंसा तात ओढत राहिली. खर्रक्‌, खर्रक्‌. मनात एकच, पोरी जा, जा ना गो, जा. मग सलोनीचा एक पाय मागे गेला. मग दुसरा. ती पाठीमागं चालत भिंतीकडे सरकायला लागली.

चिमूट कोरडी पडली. तात किरकिरली. तो थबकला, कान हलले. तांब्या हाताशी होता, पण घाबरून तिच्याच गुडघ्याचा धक्का लागून तो कलंडला होता आणि पाणी ओट्यावरून ओघळून गेलं होतं. तिनं बोटं तोंडात घातली. तोंडात थुंकी नव्हती. जीभ लाकडासारखी. गळ्याला मात्र घाम आला होता, धार लागल्यासारखा. तिनं बोटं गळ्यावरून फिरवली आणि तात धरली.

खर्रक्‌.

तो मुळ्याच्या वाफ्यातून आला. पालकाच्या वाफ्यातून आला. पाय पडतील तिथं पानं दबत होती, आवाज होत नव्हता. आता त्याच्या नाकावरची जुनी जखम दिसत होती. त्याचा वास येत होता, ओल्या गोणपाटासारखा. तिच्या मांड्यांमधून गरम काहीतरी वाहत गेलं. लुगडं चिकटलं. लाज वाटायलाही जागा उरली नव्हती.

लांबून लोखंडी फाटक वाजलं. कुणीतरी हिंदीत ओरडलं. सलोनी भिंतीपलीकडे गेली होती.

हंसानं पायली सोडली आणि मागच्या मागे दारातून आत पडली. लाथेनं दार लोटलं. अडसर लावताना हात दोनदा चुकला. मग ती दाराला पाठ लावून बसली.

बाहेर ओट्यावर पायली गडगडली. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. नखं लाकडावर घासली. दाराच्या फटीतून श्वास यायला लागला, लांब, हुंगल्यासारखा. चुलीपाशी बकरी पाय दुमडून पडली होती, आवाज न करता. हंसा मोठ्यानं रडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

मग खूप माणसांचा गलका आला. थाळ्या वाजत होत्या, टेंभे होते. बबनचा आवाज आला. "हंसा! दार उगड, मी हाय!"

तिनं दार उघडलं नाही. "पयले सलोनी दाकवा," ती आतून म्हणाली. "पयले सलोनी."

*

तारोडीहून अनसूया आत्या दुसऱ्याच दिवशी आली. बबनच्या बापाची ती थोरली बहीण. पंचाहत्तरीची, पण रिक्षातून कुणाचा हात न धरता उतरली. सोबत सुक्या बोंबलांची पिशवी होती. सलोनीला तिनं पोटाशी धरलं, डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं आणि ती होती तिथंच थांबली.

"ही कुनी काडली भायेर?"

पायलीच्या लाकडावर चार पांढरे ओरखडे होते.

"बी ठेवायला व्हती ती, आते," बबन म्हणाला. "आज्या शेत राकायचा ना तिच्यानं?"

"शेत?" आत्या खाली बसली. "माज्या बानं शेत कदी राकलं रं? बा वाघ बोलवायचा."

 आत्या पुढे म्हणाली, "मुंबैशी सायब येवाचे. रानात मचान बांदायचे, वर सायब बसायचा, खाली झाडीत माजा बा. बा तात वडायचा आनि वाघ यायचा. मंग सायब गोली घालायचा. त्या दिशी बा घरात जेवायचा न्हाय. भायेर ओट्यावर झोपायचा. आयनं कितीदा हात धरला त्याचा. आयकला न्हाय. मंग एकदा दोन आले. एक पुडून आला, त्याला गोली लागली. दुसरा मागून आला. बाच्या संगं कंदील धरायला माजा काका व्हता."

 बोंबलांची पिशवी अजून तिच्या मांडीवरच होती.

"काका मेला?" सलोनीनं विचारलं.

"काकाला नेला. तवा आयनं हिच्यात बी भरला. बोलली, आता ही पायली हाय. आमी पोरांनी पन पायलीच बोलायचं. बाच्या म्होरं बी पायलीच. बानं मंग मरंपर्यंत तिला हात लावला न्हाय."

"तो येतो कशाला पन? आवाजाला भ्यायला नको?" बबननं विचारलं.

"भील कशाला? त्याला वाटतं, आपल्यातलाच कुनी बोलावतो."

बबन उठून मळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे न बघता म्हणाला, "त्याच्या पावलांचे माग दिसत व्हते मना. वाफ्यात. मी फावड्यानं पुसले. तू भिशील म्हनून."

हंसाला त्याला बोलायचं बरंच होतं. ती चुलीकडे गेली आणि बोंबील पाण्यात टाकले.

*

खरी भीती त्यानंतर आली. पायली वाजायची बंद झाली, पण तो यायचा बंद झाला नाही. दिवेलागणीला तो ओहोळातून वर चढायचा, मळ्यातून ओट्यासमोर येऊन बसायचा. दाराकडे बघत. कुणी थाळी वाजवली तर थोडा लांब जायचा आणि परत यायचा. सलोनीची शाळा बंद झाली. बबन गोडाऊनला जाईनासा झाला. दिवस मावळायच्या आत तिघंही घरात आणि अडसर. गरज लागली तर आतच बादलीत. दाराच्या पलीकडे तो, अलीकडे हे, असे किती दिवस काढणार?

जंगलखात्यानं पिंजरा आणून ओट्यासमोर लावला. दशरथ नावाचा वनरक्षक होता, पन्नाशीचा, मितभाषी. पिंजऱ्यात बोकड बांधला. बिबट्या आला, बोकडाकडे त्यानं बघितलंही नाही. पिंजऱ्याला वळसा घालून दारासमोर बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी बबननं दशरथला पायलीचं सांगितलं. दशरथनं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"असं काही असतं ते ऐकलं होतं. बघितलं नव्हतं." त्यानं पायली खाली ठेवली. "हे बघा, वाजवा असं मी सांगणार नाही. वहिनी, तुमचं तुम्ही ठरवा. पण चेण्यानंतर लोक चिडलेत. कुणी विष घातलं, कुणी फास लावला, तर तो तसाही जाणार. पिंजऱ्यात आला तर जिवंत तरी राहील."

"नेनार कुटं त्याला?" हंसानं विचारलं.

"लांब."

"लांब म्हंजे कुटं?"

दशरथ पिंजऱ्याची कडी तपासायला वळला. बहुतेक त्यालाही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी पिंजरा दाराला भिडवला. पिंजऱ्याची मागची बाजू दाराशी, तोंड मळ्याकडे. दार बोटभर उघडं. आत अंधारात हंसा बसली, पायली मांडीवर. बबननं पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पाणी हिंदकळत होतं.

बाहेर तो येऊन बसला होता. नेहमीच्या जागी.

हंसानं बोटं बुडवली. अंधारात तात पटकन सापडेना. बबन कुजबुजला, "नको वाटत असंल तर ऱ्हाव दे." ती म्हणाली, "गप बसा." आणि तिनं तात ओढली.

बोकड ओरडत होता, तो एकदम मुका झाला. बाहेरून उत्तर आलं. तसंच, पण खोल. खर्रक्‌, खर्रक्‌, खर्रक्‌. इतक्या जवळून तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की आपला आवाज किती खोटा आहे. याला कळत कसं नाही? की कळूनही येतो? तिनं पुन्हा ओढली. हलकी, मग दाबून. ये. ये.

फटीतून अंधुक दिसत होतं. तो उठला. पिंजऱ्याच्या तोंडाशी आला, थांबला. एक पाय आत ठेवला, काढला. हंसानं पुन्हा तात ओढली. तो आत आला. बोकडाला ओलांडून, थेट दाराकडे.

पिंजऱ्याचं दार पडलं.

मग जो आवाज झाला तो करवतीचा नव्हता. घराची कौलं हलली. बबननं तांब्या टाकला आणि हंसाला मागे ओढलं. लोखंडावर डोकं आपटत होतं, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. दशरथची माणसं धावत आली. पिंजऱ्यात लाकडी आडोसा सरकवून त्यांनी बोकड बाजूला काढला. बोकड जिवंत होता, पण उभा राहत नव्हता.

गाव लोटलं. सोसायटीतून माणसं आली, मोबाइलवाले, लहान पोरं खांद्यावर घेतलेले बाप. जितेंद्रभाई पुढे आले. "वहिनी, कमाल केली तुम्ही! मानलं तुम्हाला!" ते दहादा म्हणाले. बायका हंसाचा हात हातात घेऊन बघत होत्या, जणू हातातच काही होतं. दशरथ सगळ्यांना मागे सरका म्हणत होता आणि कुणी सरकत नव्हतं.

हंसा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बिबट्याच्या कपाळाची कातडी फाटली होती, रक्त डोळ्यात उतरत होतं. इतकी माणसं ओरडत होती, बॅटऱ्या तोंडावर मारत होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मान वळवून घराच्या दाराकडे, जिथून आवाज आला होता, तिथंच बघत होता. हंसानं चौकट सोडली आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

गाडी गेल्यावर बबननं पायली कुऱ्हाडीनं फोडली. जुनं लाकूड, पहिल्या घावाला नुसतं खण्ण वाजलं. दोनतीन घावांनी तडकलं. हंसानं तात चुलीत घातली. ती जळताना केस जळल्यासारखा वास सुटला आणि घरात बराच वेळ राहिला.

त्या दिवशी ती जेवली नाही. बबननं ताट वाढून समोर ठेवलं, झाकलं, मग उचलून नेलं. 

*

पुढच्या आठवड्यात सलोनी शाळेत जायला लागली. पहिल्या दिवशी घाबरत, मग नेहमीसारखी. सोसायटीतल्या एका मुलीशी तिची ओळख झाली होती. बिबट्या बांधावर आला त्या संध्याकाळी वॉचमननं फाटक उघडलं, तेव्हाच ती ओळख झाली होती. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत दोघी दोरीउड्या मारायच्या. जितेंद्रभाईंनी मागचा दिवा मळ्याकडे फिरवून दिला होता.

डोंगर गप्प होता. कुत्री भुंकत होती. दत्तारामनं नवं पिल्लू आणलं होतं.

दिवस मावळला. हंसा ओट्यावर आली. भिंतीपलीकडून दोरी आपटण्याचा आवाज येत होता, पोरींचं हसणं येत होतं. आता यायला हवं होतं तिनं. हंसानं पदर सावरला, तोंडाशी हात नेला. सगळ्या आया मारतात तशी हाक मारायची होती, सलोनी, ये गो, एवढंच.

हाक घशापर्यंत आली आणि तिथंच राहिली. तिनं पुन्हा श्वास घेतला. ओठ उघडले. मळ्याच्या मधोमध, पालकाच्या वाफ्यापाशी, कान पुढे करून कुणीतरी ऐकतंय असं तिला वाटलं. तिथं कुणी नव्हतं. दिव्याच्या उजेडात सगळा मळा स्वच्छ दिसत होता.

"काय झालं?" आतून बबननं विचारलं. "बोलाव ना पोरीला. अंधार पडला."

हंसानं चपला पायात सरकवल्या. ओट्याची पायरी उतरली आणि बांधावरून चालायला लागली. सगळा मळा ओलांडून, फाटकातून आत जाऊन, दोरी फिरवत असलेल्या सलोनीच्या मागे उभी राहिली आणि हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला.